आमच्या घरचं बोलावणं

जबलपूरच्या आमच्या मराठी बायकांत एक नियम आहे. तो कोणी घालून दिला ते ठाऊक नाही, पण पाळतात सगळ्या. आमच्या घरच्या बाईनं बोलावणं करायचं नाही.

बोलावणं म्हणजे हळदीकुंकवाचं. आता मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर दिवस, वेळ, नऊवारीतल्या बाईचं चित्र, सगळं येतं. पण ते आलं म्हणून कोणी उठून जात नाही. त्या भागातली एखादी सवाष्ण कुंकवाचा करंडा घेऊन दारात उभी राहिली, घरातलीच्या कपाळाला बोट लावलं आणि 'अमक्या दिवशी या बरं' म्हणाली, की बोलावणं झालं. नाही तर नाही, रुसायला जागा उरते. मंडळाच्या अध्यक्षीणबाई दर संक्रांतीला हे काम भागवार वाटून देतात. ज्यांना मिळतं त्या 'किती जिने चढायचे, बाप्पा!' म्हणून कुरकुरतात आणि पुढच्या वर्षी मिळालं नाही तर तोंड फुगवून बसतात. आमची आई लग्न होऊन अमरावतीहून इथं आली तेव्हा ती जेमतेम विशीत होती. आता ती ऐंशीला टेकली आहे. तिला ते काम एकदाही मिळालं नाही.

कारण काय, तर आमच्या कुळातल्या कोण्या एका माणसानं इंग्रजांना बोलावून आणलं.

गोष्ट अशी सांगतात. दोनशे वर्षांपूर्वी जबलपूर नागपूरकरांच्या ताब्यात होतं आणि आमचा मूळ पुरुष इथल्या ठाण्यावर कारकून होता. सुभेदाराच्या घरी कार्य निघालं. सगळ्या मराठी घरांत अक्षत गेली, याच्याकडे जायची राहिली. झालं! हा पेटला. तसाच उठला, नर्मदा ओलांडून पलीकडे गेला आणि इंग्रजांना म्हणाला, 'चला, मी तुम्हाला बोलावतो.' इंग्रज आले, लढाई झाली, आपण हरलो. आधी जबलपूर गेलं, त्यापायी नागपूर गेलं. तेव्हापासून आमच्या घराच्या हातात बोलावणं द्यायचं नाही. एकदा केलं तेवढं पुरे, असं म्हणतात आणि हसतात. कोणी वाकडं बोलत नाही. सगळं कसं गमतीत. गमतीत असलं की भांडताही येत नाही.

बाबांना या गोष्टीचं कधी काही वाटलं नाही. ते फॅक्टरीत होते, आणि जबलपुरात फॅक्टरी म्हटलं की तोफा-गोळ्यांची सरकारी फॅक्टरी, वेगळं सांगावं लागत नाही. ते म्हणायचे, आमच्या घराण्यात आजवर तेवढा एकच कर्तबगार माणूस झाला, त्याला तरी नावं ठेवू नका. पुरुषांत ही गोष्ट इतकीच होती, पानसुपारीच्या वेळची थट्टा. त्यांना कोणी मंडळाच्या कमिटीवर घ्यायचं थांबवलं नाही, की पंगतीत वाढपी म्हणून नको म्हटलं नाही. करंडा अडवला तो आईचा. ती या कुळात जन्मलीही नव्हती. तिच्या माहेरच्या कोणी कोणाला बोलावलं नव्हतं आणि कोणाला हाकललं नव्हतं.

मी इतिहास शिकवते. इथल्याच एका कॉलेजात, हिंदीतून. त्या लढाईची कारणं मी दर वर्षी वर्गात सांगते, फळ्यावर लिहिते, पेपरात विचारते. पोरं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. घरी येऊन मी कधी त्याबद्दल बोलले नाही. आईच्या करंड्याशी माझ्या फळ्याचा काही संबंध आहे, असं मला वाटलंच नव्हतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा नवरा गेला. ऑक्सिजन, गाड्या, फोन, ते सगळं घराघरांत झालं, मी नव्यानं काय सांगू? त्यानंतर मी माहेरी राहायला आले. लोक म्हणाले आईबापांना सांभाळायला आली, लोक म्हणाले आईबाप तिला सांभाळून राहिले. दोन्ही खरं असेल. मला तेव्हापासून काही लागत नाही. चहात साखर पडली काय, राहिली काय. कोणाच्या लग्नाला गेले तर जेवून येते, कोणाच्या मयतीला गेले तर बसून येते. रडू येत नाही म्हणून सुरुवातीला मी घाबरले होते. मग त्याचीही सवय झाली.

मग बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. पहिल्यातून थोडे सावरले, काठी धरून अंगणापर्यंत जायला लागले, आणि दिवाळीच्या आधी दुसऱ्यांदा झटका आला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता तयारीत राहा. मी 'जी' म्हटलं आणि औषधं घेऊन आले. आईला मी काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. तिला माणसाच्या पायांकडे पाहून कळतं.

मटराचे दिवस सुरू झाले होते. जबलपुरात हिवाळा म्हणजे मटर. ढिगानं येतो, पोत्यानं घेतात, दुपारभर बायका सोलत बसतात. आई आणि मी बाबांच्या खाटेजवळ बसून सोलत होतो. बाबा झोपले होते. आई मान वर न करता म्हणाली, "एक सांगू का? तुझे बाबा आहेत तोवर मला एकदा बोलावणं करायचं आहे."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणून राहिली आहे ते.

"करंडा घेऊन," ती म्हणाली. "चारचौघींसारखं. यांच्यानंतर कोण देते माझ्या हाती करंडा?"

मला राग आला. राग तेवढा मला अजून येतो. मी म्हटलं, "आई, काय हे! कुठल्या काळात आहेस तू? या असल्या रिवाजाला आग लावली पाहिजे. विधवा झाली की बाई संपली का?"

तिनं एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले. "तुला देतात का?" ती म्हणाली.

आमचं मंडळ सुधारलेलं आहे. 'समस्त भगिनी' असं लिहितात, मलाही निरोप येतो. मी जाते. कुंकू लावणारीचं बोट माझ्यापाशी आलं की किंचित थांबतं, मग ती हळद लावते, तिळगूळ जरा जास्त देते आणि माझा हात दाबून पुढे जाते. मला त्याचं काही वाटत नाही. पण आईनं ते पाहिलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

"लोकांच्या पोरांना इतकं शिकवतेस," ती म्हणाली. "एकदा आपल्या लोकांना सांग नं. खरं काय झालं होतं ते. ऐकतील तुझं. प्रोफेसर आहेस."

थंडीत मंडळाची व्याख्यानमाला असते. आरोग्य, गीता, म्युच्युअल फंड, असे विषय असतात. मी अध्यक्षीणबाईंना फोन केला, म्हटलं यंदा मी बोलते. त्या इतक्या खूश झाल्या की मला संशय आला. "अहो, कधीचं म्हणायचं होतं तुम्हाला. तुम्ही बाहेर पडायला पाहिजे. मन रमतं." त्या बाई वाईट नाहीत. कोणीच वाईट नाही, तीच तर पंचाईत आहे.

व्याख्यानाला हॉल बऱ्यापैकी भरला. स्वेटर, मफलर, कानटोप्या. पुढच्या रांगेत फॅक्टरीतून रिटायर झालेले काका लोक, मागे बायका. आई पहिल्या रांगेच्या टोकाला, नारायणपेठ नेसून. नात्यातल्या कोणाचं लग्न असावं तशी नटली होती. मी बोलायला उभी राहिले. वर्गात बोलते तशीच बोलले, फक्त मराठीतून, त्यामुळे मधेमधे शब्द अडत होते.

मी म्हटलं, ती लढाई आधी राजवाड्यात शिजली. गादी कोणाची यावरून घरातच वाद होते. त्या भरात इंग्रजांशी तह झाला, त्यांची फौज नागपुरात येऊन बसली आणि तिचा खर्च आपल्याच डोक्यावर. तिकडे पुण्याचं आणि इंग्रजांचं वाजलेलं होतं, तेव्हा नागपूरकरांनाही एक बाजू धरणं आलं. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करायचा म्हणून इंग्रजांच्या फौजा या मुलखात आधीच फिरत होत्या. यातलं कोणतं कारण मोठं, कोणतं लहान, यावरून इतिहास लिहिणारेही भांडतात. कोणी म्हणतं इंग्रजांना लढाई हवीच होती, कोणी म्हणतं नागपूरकरांनी आधी हात उचलला. भांडोत. पण कोण्या कारकुनाकडे अक्षत गेली नाही म्हणून लढाई झाली, असं म्हणणारा माझ्या तरी वाचनात नाही.

मग मी म्हटलं, नागपूरची लढाई आधी झाली. जबलपूरची नंतर. मग जबलपूरपायी नागपूर कसं जाईल?

आईनं मागे वळून बायकांकडे पाहिलं.

"आणि शेवटचं," मी म्हटलं. "जबलपुरावर चालून आलेली फौज रीवाकडून आली. उत्तरेकडून. मझौली, सिहोरा त्या अंगानं म्हणा. आपली नर्मदा कोणत्या दिशेला आहे?"

कोणीतरी म्हणालं, "दक्षिणेला."

"मग नर्मदा ओलांडून हा माणूस गेला असेल तर तो नागपूरच्या वाटेला लागला असेल. इंग्रज त्याच्या पाठीमागे होते."

लोक खळखळून हसले. बरं वाटावं असं हसले. रोज ग्वारीघाटावर जाऊन नर्मदेच्या पाण्यात हात बुडवणारी माणसं ही, पण दोनशे वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की नदी चुकीच्या बाजूला आहे. काखेत कळसा, गावाला वळसा. आमच्या गावात नर्मदेशिवाय गोष्टच पुरी होत नाही, मग ती कोणाच्या जन्माची असो की फितुरीची. मीही ती गोष्ट लहानपणापासून तशीच ऐकत आले होते.

टाळ्या पडल्या. मग प्रश्नोत्तरं. पुढच्या रांगेतले एक काका उठले. "मॅडम, बहुत बढ़िया. ज्ञानात भर पडली. पण मला एक सांगा, हरलो काहून?"

मी म्हटलं, "काका, लढाई का झाली हा एक प्रश्न आणि आपण का हरलो हा दुसरा."

"अच्छा, अच्छा, ते ठीक आहे. पण कोणी फितूर झाल्याशिवाय मराठा माणूस हरतो का?"

आता टाळ्या पडल्या त्या माझ्या टाळ्यांपेक्षा मोठ्या होत्या. मागून एक बाई म्हणाल्या, "आणि धूर निघून राहिला म्हणजे कुठंतरी आग असेलच नं, ताई. तुमच्याच घराचं नाव काहून आलं? आमचं का नाही आलं?"

मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. तुमचं घर तेव्हा जबलपुरात नसेल. माझं हे उत्तर त्यांना आवडलं नाही. त्यांचं घरही जुन्या सरदारांचं आहे असं त्या सांगतात. आणखी एकानं विचारलं की एवढी सगळी कारणं असतील तर मग दोष नेमका कोणाचा धरायचा. मी म्हटलं, एकाचा धरता येत नाही. ते गृहस्थ निराश होऊन खाली बसले. भाजीत मीठ नसावं तसा त्यांचा चेहरा झाला. माणसाला कारण नको असतं, माणूस हवा असतो. शिव्या कोणाला घालणार, तहाला?

मला त्याचंही काही वाटलं नाही. वर्गात हेच होतं, पालथ्या घड्यावर पाणी. पण शेवटी अध्यक्षीणबाई माइकवर आल्या आणि म्हणाल्या, "आज आपले खूप गैरसमज दूर झाले. तर यंदाच्या संक्रांतीला त्यांच्या भागाचं बोलावणं आपल्या काकू करतील." आणि आईकडे हात केला. आई उठून उभी राहिली. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि सगळ्यांना नमस्कार केला, बक्षीस घ्यायला बोलावल्यासारखा. घरी येऊन तिनं बाबांच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "मला दिलं बरं का बोलावणं!" बाबांनी डावा हात उचलला. तेवढंच येतं त्यांना.

बोलावण्याला आम्ही ई-रिक्षा केली. बाबांजवळ त्यांना सांभाळायला दिवसभरासाठी ठेवलेली दीदी होती. थंडी अशी पडली होती की दहा वाजेपर्यंत धुकं उठत नव्हतं. आई करंडा रुमालात गुंडाळून मांडीवर धरून बसायची. प्रत्येक घराशी मी फाटकापर्यंत जायची आणि थांबायची. 'तू पण ये आत' असं आईनं एकदा म्हटलं, मग म्हटलं नाही. मी रिक्षावाल्या भैयाबरोबर उभी राहून आतलं ऐकायची. या, या काकू! बसा नं. अहो, तुम्ही कशाला जिने चढलात? चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. नक्की येते, नक्की म्हणजे नक्की. एक म्हणाली, "काकू, इंग्रजांना नका बोलावू हं यंदा!" आणि आईच सगळ्यांत मोठ्यानं हसली.

तिच्या पायांवर सूज आली होती. संध्याकाळी मी गरम पाण्याचं घमेलं आणलं तर म्हणाली, राहू दे, अजून गोहलपूर बाकी आहे. मी म्हटलं गोहलपुरात आपलं कोणी नाही. तर म्हणाली आहे. वर्ध्याकडची एक नवी पोरगी भाड्यानं राहायला आली आहे, नवरा रिछाईच्या कारखान्यात आहे, भाजीवालीनं सांगितलं, मराठीत बोलते म्हणून. मंडळाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. आई म्हणाली, नसू दे, मराठी पोर आहे, एकटी आहे, संक्रांतीला तिला कोणी कुंकू लावायचं नाही का? दुसऱ्या दिवशी गेलो. खाली खराद मशीनचं, म्हणजे लेथचं, वर्कशॉप, वर दोन खोल्या, अरुंद लोखंडी जिना. आई कठडा धरून धरून चढली. वर त्या पोरीनं दार उघडलं आणि करंडा पाहून तिला रडूच कोसळलं. बराच वेळ आई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. खालून मला नीट दिसत नव्हतं. मशीनच्या आवाजात बोलणंही ऐकू येत नव्हतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी आई दुपारी जेवली नाही. तासभर आधीच हॉलवर जाऊन बसली. वाण म्हणून स्टीलच्या चाळण्या होत्या, त्या तिनं मोजल्याविना नुसत्या सारख्या करून ठेवल्या, मग पुन्हा सारख्या केल्या. बायका यायला लागल्या. रांझीच्या आल्या, गढ्याच्या आल्या, दरवर्षीपेक्षा कमी पण आल्या. हॉल निम्माअधिक भरला, गाणी झाली, उखाणे झाले. आई दाराजवळची खुर्ची सोडत नव्हती. कोणी आत आलं की ती उठायची. ओळखीचा चेहरा दिसला की पुढे व्हायची, मग तो दुसऱ्याच भागातला निघायचा.

आमच्या भागातली कोणी आली नाही.

शेवटी शेवटी, कॉफीचे कप गोळा करत होते तेव्हा, ती वर्ध्याची पोरगी धापा टाकत आली. रिक्षा मिळाली नाही म्हणून बरंच चालत आली होती. आईनं तिला जवळ बसवलं. हळद, कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, सगळं स्वतःच्या हातानं केलं, दोन चाळण्या दिल्या. अध्यक्षीणबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "थंडी फार आहे नं यंदा." मी म्हटलं, हो.

आई घरात शिरायच्या आत तिला द्यायला काही तरी उत्तर हवं म्हणून मी हॉलच्या मागच्या बाजूला जाऊन फोन केले. सगळ्यांना नाही, चार-सहा जणींना. कोणाच्या नणंदेच्या मुलाचं मझौलीत साखरपुड्याचं निघालं होतं. कोणाच्या पोराची प्री-बोर्ड परीक्षा. एकीचा गुडघा. एकीनं मटराची दोन पोती आणून ठेवली होती, आज सोलली नसती तर पिवळी पडली असती. एक म्हणाली अहो, मी तयार होऊन बसले होते, हे गाडी घेऊन आलेच नाहीत. आणि ते सगळं खरं होतं. मला आवाजावरून कळतं खोटं. सगळ्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं.

परत येताना ई-रिक्षात आईनं विचारलं, "काहून नाही आल्या?"

मी सांगितलं. साखरपुडा, प्री-बोर्ड, गुडघा, मटर, गाडी, थंडी. वर्गात सांगते तसं एकामागून एक. ती ऐकत होती.

"म्हणजे कोणाचंच काही चुकलं नाही," ती म्हणाली.

"नाही, आई."

"आणि आपल्या घराचं त्यात काही नाही."

"नाही."

रस्त्यात खड्डा आला, रिक्षा हलली, तिनं दांडी घट्ट धरली. "मग ती आली ती काहून आली?"

ते मीही पाहिलं होतं. हॉलमध्ये त्या पोरीला पाहिल्याबरोबर माझ्या ध्यानात आलं होतं. महिनाभरापूर्वी या गावात आलेली, मंडळात कोणाला न ओळखणारी. आमच्या घराची गोष्ट तिला अजून कोणी सांगितलेली नव्हती.

"आता सांगतील तिला," आई म्हणाली.

तेव्हा मला लागलं. इतक्या वर्षांनी, छातीत, अगदी दुखावं तसं. मी तिला समजवायला पाहिजे होतं की एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. की बाकीची कारणंही खरीच आहेत, आणि प्रत्येकीला विचारलं तर ती शपथेवर सांगेल की त्या जुन्या गोष्टीचा आपल्या मनात विचारही आला नव्हता, आणि तेही खरं असेल. मी शिकवते ते हेच आहे. पण माझ्याकडे असलेलं एवढं सगळं एका पारड्यात घातलं तरी ते तिच्या एका वाक्याला पुरलं नसतं. मला माझ्या सगळ्या कारणांची चीड आली. माझं मन म्हणत होतं, एकच कारण आहे, एकच, आणि त्या सगळ्या बायकांना नावानिशी शिव्या द्याव्यात. मी फक्त आईचा हात हातात घेतला, तो बर्फासारखा गार होता.

घरी दीदीनं बाबांना उशा लावून बसवलं होतं. आम्हाला पाहून त्यांचा डावा डोळा उघडला. आई चपला काढून सरळ त्यांच्याजवळ गेली. बाबांनी जड जिभेनं, एकेक अक्षर ओढत विचारलं, "आ... ल्या?"

मी दारात उभी राहिले. मला वाटलं ती खोटं बोलेल, सगळ्या आल्या म्हणून सांगेल, आणि मग मलाही मान हलवावी लागेल. मी त्याची तयारी करून ठेवली होती.

आई त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट करत म्हणाली, "तुमच्या माणसानं बोलावलं तर अख्खी फौज आली. मी बोलावलं तर एक पोरगी आली."

बाबांच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसत होते. ती पण हसेल म्हणून मी वाट पाहिली. ती हसली नाही.